कागदोपत्री सलून

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात वेगवान गाडी बाळगायला एकही सबळ कारण नाही. घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या चढावर संध्याकाळी फेरारी आणि छोटा हत्ती यांचा वेग अगदी समान असतो. समतेचं इतकं शुद्ध उदाहरण राज्यघटनेबाहेर सापडणं कठीण. शीळफाट्यावर पुढच्या कंटेनरच्या पाठीवरचा मजकूर आधी पाठ होतो, मग त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दिसू लागतात आणि शेवटी त्या आपल्याच वाटू लागतात. कल्याणचा जुना पत्रीपूल 2018 च्या नोव्हेंबरात पाडला, नवा 2021 च्या जानेवारीत सुरू झाला. मधल्या काळात तिथे अडकलेल्या कुणीही आपल्या इंजिनात घोडे किती याची चौकशी केल्याचं ऐकिवात नाही. ज्याला खरोखरच घाई असते तो डोंबिवलीला जलद लोकल पकडतो आणि वीसेक मिनिटांत ठाण्याला उतरतो, म्हणजे उतरवला जातो.

तरीसुद्धा या पट्ट्यात घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार बांधणारी माणसं आहेत. आणि गाडी बांधून झाली रे झाली की तिचं इंजिन काढायला घेतात.

तसं पाहिलं तर ठाण्याचं इंजिनाशी नातं जुनंच. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हा 14 डब्यांना तीन इंजिनं जोडलेली होती: साहिब, सिंध आणि सुलतान. एका इंजिनावर भागवायचं नाही, ही इथली वृत्ती पहिल्या दिवसापासूनची. पुढे नाशिकला जाताना इगतपुरीला इंजिन बदलायचं, तेव्हा आम्ही खाली उतरून वडे खायचो. रेल्वेने इंजिन बदललं की लोक फार तर घड्याळ बघतात. तेच एखाद्याने आपल्या हक्काच्या पार्किंगमध्ये केलं की विशेष सर्वसाधारण सभा लागते.

आमच्या इमारतीतले काका प्रीमियरच्या टूलरूममधून निवृत्त झाले. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो 309 जुळत होती, हे आज तिथल्या टॉवरांत राहणाऱ्यांना सांगितलं तर ते 'प्यूजो कुठल्या फेजमध्ये' असं विचारतील. काकांच्या हाताला मायक्रोमीटरची सवय. घरात चहाचं आधण ठेवतानासुद्धा पाणी डोळ्यांसमोर धरून बघतात. अशा माणसाला निवृत्तीनंतर बागेत चालायला सांगणं म्हणजे छळ. त्यांनी एक मोडीत निघालेली प्रीमियर पद्मिनी घेतली, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, पुढचं सस्पेन्शन वेगळं काढलं आणि एमआयडीसीतून एक इंची चौकोनी पाइप आणून त्याचा सांगाडा वेल्ड केला.

नमुना परदेशी. 1957 साली कॉलिन चॅपमन या इंग्रजाने लोटस सेव्हन नावाची गाडी काढली. दोन सीट, दरवाजे नाहीत, छप्पर असून नसल्यासारखं, नाक लांब. इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून गिऱ्हाइकाने भाग घरी नेऊन गाडी स्वतः जोडायची. सोबत जोडणीची माहिती देता येत नसे म्हणे, तेव्हा कंपनीने गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली आणि ती शेवटाकडून वाचायची, असा किस्सा सांगतात. करचुकवेगिरीत इतकी विद्वत्ता आपल्याकडेही क्वचित दिसते. पुढे 1996 साली रॉन चँपियन नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने अडीचशे पौंडांत असली गाडी घरी कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिलं. अडीचशे पौंड हा आकडा जगभरच्या किती बायकांना त्यांच्या नवऱ्यांनी सांगितला असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. काकूंना सांगितलेला आकडा रुपयांत होता आणि तोही त्याच जातीचा होता.

गाडी झाली. लाल झाली. रंग कुठे मारायचा यावर थोडी चर्चा झाली, कारण डोंबिवलीत रंग उघड्यावर वाळत घालणं धोक्याचं. 2014 साली इथे हिरवा पाऊस पडला आणि 2020 साली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. शेवटी पार्किंगमध्येच ताडपत्री लावून काम उरकलं. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं, काकांनी सोसायटीच्या गेटपर्यंत गाडी नेली, परत आणली, बोनेट उघडलं आणि तिथेच उभे राहिले. चेहऱ्यावर आनंद नव्हता. करायला काहीच उरलं नव्हतं.

म्हणून इंजिन बदलायचं ठरलं. पद्मिनीच्या इंजिनात दोष नव्हता. त्या इंजिनाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी काही दशकं ओढली. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेखाच्या सुरात निरोप दिला. 'स्पेअर मिळत नाहीत हो आता,' हे काकांनी दिलेलं कारण. खरं कारण मी वर सांगितलं आहे.

कुठलं इंजिन घालावं यावर पार्किंगमध्ये परिसंवाद सुरू झाला. या विषयावर मत नसलेला पुरुष डोंबिवलीत जन्माला यायचा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या साठेंना... नाव राहू दे, दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना 1.3 मल्टिजेट डिझेल हवं होतं. फियाटचं हे 1248 सीसीचं इंजिन एकेकाळी स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत होतं, की त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत. पण ते गाडीत आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. काकांच्या गाडीत ते उभं बसायला हवं होतं आणि ताकद मागच्या चाकांना जायला हवी होती. 'आडव्याला उभं करायचं म्हणजे गिअरबॉक्स कुठून आणू?' काकांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, 'ते बघा तुम्ही.' परिसंवादात यालाच मार्गदर्शन म्हणतात.

इंजिनिअरिंगच्या एका मुलाने केटीएमचं 373 सीसीचं मोटारसायकलचं इंजिन सुचवलं. फॉर्म्युला भारतच्या स्पर्धेत कॉलेजच्या गाड्यांत ते सर्रास असतं, हलकं आहे, ओरडतं छान. काकांचाही जीव क्षणभर त्यात गुंतला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'रिव्हर्स?' मोटारसायकलला रिव्हर्स नसतो. त्या स्पर्धेत, कोइंबतूरच्या ट्रॅकवर, तो लागतही नाही. पण आमच्या इमारतीत डावीकडे खांब, उजवीकडे सेक्रेटरींची वॅगन आर आणि समोर पाण्याच्या टाकीचं झाकण आहे. इथे गाडीला पुढे जाता आलं नाही तरी चालेल, मागे जाता आलंच पाहिजे.

शेवटी निवड झाली ती ईकोची. नाव ऐकून तरुण मंडळी हिरमुसली, कारण मारुती ईको म्हणजे शाळेची व्हॅन, नाही तर रुग्णवाहिका, नाही तर ब्रेडचा टेम्पो. पण काकांचा हिशेब टूलरूमचा होता. 1196 सीसी, 73 अश्वशक्ती, इंजिन उभं, गिअरबॉक्स त्याच्यामागे सरळ रेषेत, ताकद मागच्या चाकांना, पाच गिअर आणि सहावा रिव्हर्स. लोटसला लागतं ते सगळं रोज सकाळी सात वाजता शाळेच्या दारात उभं असतं, फक्त वर दप्तरं असतात.

अपघातात गेलेल्या एका ईकोचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं. भंगारवाल्याने ते जुन्या टायरवर ठेवून सेल्फ मारून दाखवला आणि काकांनी मागायच्या आधीच पक्कं बिल काढून दिलं. या धंद्यात बिलाला इंजिनाहून जास्त किंमत आहे. बिल नसेल तर ते इंजिन कुठल्या गाडीचं आणि ती गाडी कुणाच्या दारातून नाहीशी झाली, हे पुढे पोलीस आपल्याला विचारतात.

इंजिन उतरवायचा दिवस रविवार. पार्किंगच्या तुळईला चेन-कप्पी लटकवलेली बघून सेक्रेटरी धावत आले. त्याच तुळईचं स्ट्रक्चरल ऑडिट नुकतंच झालं होतं आणि अहवालात 'तातडीने लक्ष द्यावे' असं वाक्य होतं. मेस्त्री म्हणाला, 'साहेब, लक्षच देतोय.' तोडगा म्हणून खाली लोखंडी घोडी उभी केली. मग एकेक वस्तू सुटू लागली. रेडिएटरचे होज, कार्बोरेटरची केबल, सेल्फच्या वायरी, सायलेन्सरचा जोड. सगळं निघालं, एक बोल्ट निघेना. फाउंडेशनचा खालचा बोल्ट, सतरा नंबरचा. काकांनी गंज सुटायचं तेल सोडलं, थांबले, पान्याला पाइप अडकवून जोर लावला. 'कट' असा आवाज झाला. बोल्ट सुटला असेल तर तो आवाज आनंदाचा, डोकं तुटलं असेल तर दुःखाचा. आवाज मात्र तोच. आम्ही सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी बोटाने चाचपलं आणि हॅकसॉ ब्लेड मागितलं.

पद्मिनीचं इंजिन साखळीला लटकत वर आलं तेव्हा गणेशोत्सव मंडळाच्या मुलांनी सवयीने 'मोरया' म्हटलं. इंजिन बाजूला घेऊन एका टायरवर ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

एक इंजिन काढून दुसरं घालायचं, म्हणजे दिवा काढून दिवा लावण्यासारखं असेल, असा आम्हा प्रेक्षकांचा समज होता. ईकोचं इंजिन खाली सोडलं तर त्याचा ऑइल संप पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरवर टेकला. इंजिन वर घेतलं तर बोनेट लागेना. मागे सरकवलं तर एक्झॉस्टचा पाइप थेट स्टिअरिंगच्या दांड्याला भिडला. संप कापून उथळ केला, तर तेल किती मावेल हा प्रश्न. मागे सरकवल्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट लांब पडला. तो वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून आणला. नवं इंजिन जुन्याहून हलकं, त्यामुळे गाडीचं नाक वर गेलं आणि हेडलाइट पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत पडू लागले. मग स्प्रिंगा बदलल्या. इंजिन बदलतो म्हणणारा माणूस खरं तर इंजिन तेवढं ठेवून बाकीची गाडी बदलत असतो.

गिअरची गंमत वेगळीच. ईकोत चालक इंजिनावर बसतो, गिअरबॉक्स त्याच्या मागे, म्हणून गिअरचा दांडा मागून पुढे आणलेला. काकांच्या गाडीत चालक गिअरबॉक्सच्या मागे. सगळी जोडणी उलटी फिरवावी लागली आणि ती फिरवल्यावर गिअरही उलटे झाले. पहिला जिथे हवा तिथे दुसरा, तिसऱ्याच्या जागी चौथा. काका म्हणाले, 'सवयीचा प्रश्न आहे.' काकू म्हणाल्या, 'अहो, पस्तीस वर्षं तेच म्हणताय.'

इथवर टूलरूमचं राज्य होतं. पुढे वायरिंग आलं आणि काका म्हातारे झाले. पद्मिनीला पेट्रोल, हवा आणि ठिणगी एवढंच लागायचं. ईकोच्या इंजिनाला संगणक लागतो, टाकीत विजेचा पेट्रोल पंप लागतो, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर लागतो आणि चिप असलेली चावी लागते. संगणक एका गाडीचा, चावी दुसरी. सेल्फ फिरायचा, इंजिन पेटायचं नाही. ठाण्याहून लॅपटॉपवाला मुलगा बोलावला. हात अजिबात काळे न करता त्याने तासाभरात चावी आणि संगणकाची ओळख करून दिली, 'सर, डन' म्हणाला आणि चहा नको म्हणून गेला. काका त्या रिकाम्या कपाकडे बघत बसले. चहा न पिणारा मेकॅनिक त्यांनी आयुष्यात प्रथम पाहिला होता.

इंजिन चालू झालं, पण डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला नाही. संगणकाला वेगाचा सेन्सर सापडत नव्हता. त्याच्या मते तो अजून ईकोतच होता. आरसी बुकाच्या मते गाडी प्रीमियर पद्मिनी, प्रकार सलून, दरवाजे चार. आणि काकांच्या मते ती लोटस. एका गाडीबद्दल तीन साक्षीदार तीन जबान्या देत होते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. कंपनीने गाडी जशी बनवली त्याहून वेगळी करायची नाही. इंजिन बदललं तर परवानगी, आणि परवानगीविना बदललं असेल तर 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी घट्ट आवळलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले भाग बसवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द काकांनी दोनदा वाचले आणि गाडीकडे पाहिलं. पद्मिनीचं त्यात जे शिल्लक होतं त्याची यादी करणं सोपं गेलं असतं.

नवी गाडी म्हणूनच नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयकडून मंजुरी हवी. कोथरूडच्या टेकडीशी असलेली ही संस्था 1966 पासून गाड्या तपासते, पण ती कारखान्यांच्या. ठाण्याला एमएच-04, कल्याणला एमएच-05. काकांच्या गाडीला या दोन्हींत जागा नाही.

आणि इथे मला काकांची बाजू घ्यावीशी वाटते. 1985 साली प्रीमियरने 118 एनई काढली. अंगकाठी फियाट 124 ची, इंजिन निस्सानचं 1171 सीसी. नावातलं 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन, असं लोक उघडपणे सांगायचे. नव्वदच्या दशकात अँबॅसिडरच्या पन्नासच्या दशकातल्या देहात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन बसलं आणि सरकारी अधिकाऱ्यांनी ते कौतुकाने मिरवलं. हे दोन्ही उद्योग काकांनी केले तेच होते, फक्त मोठ्या शेडमध्ये. कंपनीने केलं की नवं मॉडेल, माणसाने केलं की कलम 52.

आपल्या राज्याला ही सवय जुनी आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 च्या सुमारास 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः बनवली आणि पुढची पंचवीसेक वर्षं ती सुधारत राहिले. सामान्यांना बारा हजारांत परवडेल अशी ती गाडी रस्त्यावर धावली, पण कारखान्याची परवानगी काही धावली नाही. सांगली जिल्ह्यात यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली, ही नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल असं सांगितलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात बोलेरो दिलीही. काकांनी ही बातमी कापून काकूंना दाखवली. काकू म्हणाल्या, 'मग आपल्याला काय मिळेल? ईको?'

कायद्याची एक बाजू मात्र भक्कम आहे, ती काकांनाही मान्य. 73 घोडे जोडले, ब्रेक पद्मिनीचेच. ड्रमचे. टूलरूममधला माणूस ब्रेकबद्दल बोलताना आवाज खाली आणतो. काकांमधला हा माणूस जिंकला तर डिस्क लागतील. लागल्या तर हब बदलावे लागतील. आणि काकांच्या डोळ्यांत ती जुनी चमक परत आली आहे, हे काकूंनी ओळखलं आहे.

तोवर गाडी एकदाच बाहेर पडली. डोंबिवलीतली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा 1999 साली गणेश मंदिर संस्थानने सुरू केली आणि तिची लागण मग राज्यभर झाली. यात्रेत काकांच्या गाडीला मान मिळाला. पासिंग नसल्याने ती टेम्पोवर चढवून, झेंडूच्या माळा घालून. फडके रोडवर ढोल थांबले तेव्हा काकांनी वर बसल्या बसल्या इंजिन सुरू केलं आणि जरा रेस केलं. आवाज स्वच्छ होता. गर्दी मान डोलावत होती. पुढे उभी असलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी आईला म्हणाली, 'आई, आपली व्हॅन आली!'

काका त्याने खचले नाहीत. ते सध्या कलम 52 मधली सवलत वाचतात: मान्यताप्राप्त किट बसवून गाडी दुसऱ्या इंधनावर किंवा बॅटरीवर नेता येते. विजेची मोटर आली की गिअरचा प्रश्न मिटेल, संप मिटेल, एक्झॉस्ट मिटेल. चार्जिंगच्या पॉइंटसाठी सोसायटीकडे अर्ज गेला आहे आणि सेक्रेटरींनी तो पुढच्या सभेत ठेवला आहे.

मधल्या मध्ये अडचण जागेची. गणपतीचा मांडव पार्किंगमध्येच पडतो. तेव्हा वाचकांपैकी कुणाची पद्मिनी अजून जिवंत असेल आणि तिला इंजिन हवं असेल, तर एक चालू स्थितीतलं, 1089 सीसीचं, टायरवर ठेवलेलं मोफत मिळेल. बिल मिळेल. उचलायला चार माणसं आणि टेम्पो आपला आणावा, आणि श्रावण संपायच्या आत यावं. ईकोच्या इंजिनासाठी नाव आतापासूनच नोंदवून ठेवायला हरकत नाही.